रक्तदाब आणि चिंता : एका गृहस्थाचा अनुभव

आमच्या देवघराशेजारच्या फडताळांत औषधाचे दोन डबे शेजारीं शेजारीं असतात. पहिल्यांत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, दुसऱ्यांत चिंतेच्या. पहिला डबा आरंभापासून तेथें उघड्यावर होता. दुसरा मात्र पहिले आठ महिने माझ्या पुस्तकांच्या कपाटांत, सिद्धांतकौमुदीच्या जाड पुठ्ठ्यामागें लपून बसला होता. हृदयाचें औषध घेणारा गृहस्थ घरांत आदरास पात्र होतो आणि मनाचें औषध घेणारा संशयास, ही जी आपल्या सुशिक्षित घरांतूनहि रूढ समजूत आहे, तिचा तो डबा बळी होता. ती समजूत माझीहि होती. म्हणूनच हा लेख लिहीत आहें. वैद्यकाचा मला अधिकार नाहीं; जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु रोगी होण्याचा अधिकार मला पुरेपूर प्राप्त झालेला असून, त्या नात्यानें जें भोगलें आणि डॉक्टरांस खोदून खोदून विचारून जें समजावून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

अण्णांची गोळी

माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सारे अण्णा म्हणत असूं, त्यांचा रक्तदाब वयाच्या ५४ व्या वर्षीं वाढलेला आढळला. डोकें दुखत नव्हतें, भोंवळ येत नव्हती, चार मजले चढून जाण्याची शक्ति होती. विम्याच्या तपासणीच्या निमित्तानें दाब मोजला गेला, म्हणून काय तें कळलें. डॉक्टरांनीं रोज एक गोळी घेण्यास सांगितली. अण्णांनीं ती तीन महिने घेतली. पुन्हां दाब मोजला, तो उत्तम निघाला. झालें! “दुखणें बरें झालें, आतां गोळीचें दास्य कशाला?” असें म्हणून त्यांनीं ती बंद केली. आम्हांपैकीं कोणीहि हरकत घेतली नाहीं. उलट, औषधावांचून राहणाऱ्या माणसाचें आपल्याकडे जें कौतुक होतें, तें आम्हींहि केलें.

दोन वर्षांनीं, श्रावणांतल्या एका सोमवारीं पूजेला बसले असतां त्यांच्या उजव्या हातांतली पळी गळून पडली. ती उचलावयास हात पुढें होईना. हांक मारावयास जीभ वळेना. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटली होती. संपूर्ण रुद्र ज्यांस मुखोद्गत होता, त्या अण्णांस पुढें सात वर्षें स्वतःच्या मुलाचें नांव धड उच्चारतां आलें नाहीं. ते गेल्यावर त्यांच्या मेजाचा खण आवरतांना त्या गोळ्यांची एक अर्धवट वापरलेली पट्टी मला सांपडली. तींत सहा गोळ्या शिल्लक होत्या.

अण्णा अडाणी नव्हते. हिशेबखात्यांत मोठ्या पदावर होते. पण त्यांची चूक तर्काची होती. दाब बरोबर आला होता तो गोळीमुळें. दाब बरोबर आहे म्हणून गोळी नको, हें म्हणणें घर गळत नाहीं म्हणून कौलें उतरवून टाकण्यासारखें आहे. हिंवताप औषधानें जातो तसा रक्तदाब बहुधा जात नाहीं. तो आंवरून धरावा लागतो. वजन उतरलें, मीठ सुटलें, चालणें वाढलें, तर कित्येकांच्या गोळ्या कमी होतात, क्वचित् बंदहि होतात. पण तो निर्णय डॉक्टरांनीं मोजून मापून करावयाचा असतो, आपण बरें वाटलें म्हणून नव्हे. बरें वाटणें ही या रोगांतील खूणच नाहीं. तो मुळीं न दुखतां वाढतो.

दाब म्हणजे काय आणि तो कळला कसा

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर लोटतें, तेव्हां धमनीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आंकडा. आणि तें सैल होतें तेव्हां जो जोर उरतो तो खालचा. पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीनें, मिलिमीटरमध्यें, तो सांगण्याचा प्रघात आहे. दवाखान्यांत पुन्हां पुन्हां मोजूनहि तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, तर सामान्यतः तो वाढलेला समजतात; घरीं मोजतां १३५ वर ८५ ही मर्यादा धरतात.

हें मोजण्याची विद्या फारशी जुनी नाहीं. स्टीफन हेल्स नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें घोडीच्या धमनींत पितळी नळी घालून, तिला जोडलेल्या कांचेच्या नळींत रक्त आठ फुटांहून उंच चढलेलें पाहिलें. तें वर्णन १७३३ सालीं प्रसिद्ध झालें. माणसाच्या दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याची सोय इटलींतील रिवा-रोच्ची या डॉक्टरानें १८९६ सालीं केली, आणि पट्ट्याखालीं नाडीचे आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ठरविण्याची रीत रशियांतील कोरोत्कोफ यानें १९०५ सालीं दाखविली. मोजणें आलें, तरी औषध आलें नव्हतें. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारख्या पुरुषास, ज्याच्या सेवेंत हवे ते डॉक्टर होते, त्यास १९४४ सालीं विश्रांति, मीठ कमी करणें आणि हृदयाला आधार देणाऱ्या जुन्या औषधांपलीकडे फारसें कांहीं देतां आलें नाहीं. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले, त्या वेळीं त्यांचा दाब ३०० वर १९० इतका होता.

त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनीं, १९६७ सालीं, अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दाब फार वाढलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले होते. एकास खऱ्या गोळ्या, दुसऱ्यास दिसावयास तशाच पण निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्यांच्या गटांत २७ जणांवर गंभीर संकटें ओढवलीं. खऱ्या गोळ्यांच्या गटांत दोघांवर. अण्णांच्या खणांतल्या त्या सहा गोळ्यांची किंमत मला हे आंकडे वाचले तेव्हां कळली.

हा प्रश्न थोडक्या लोकांचा आहे असेंहि नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणींत २० वर्षांवरील सुमारे ३५ टक्के लोकांचा दाब वाढलेला आढळला. म्हणजे पंगतींतल्या प्रत्येक तिसऱ्या पानावर तो बसलेला आहे.

माझी चूक निराळी

अण्णांच्या मागें दोन वर्षांनीं माझाहि दाब वाढलेला निघाला. अण्णांची चूक मी करणार नव्हतों. मीं निराळी चूक केली. गोळी तर नियमानें घेऊं लागलोंच, शिवाय दाब मोजण्याचें एक यंत्र विकत आणलें आणि एक वही घातली. तारीख, वेळ, वरचा आंकडा, खालचा आंकडा, शेरा : अशा पांच रकान्यांची ती वही मीं हजेरीपटासारखी सुबक आंखली होती. पहिल्या महिन्यांत तींत ४०० हून अधिक नोंदी झाल्या. सकाळीं १४२ दिसले कीं छातींत धस्स होई. लगेच पुन्हां मोजावें तों १५५. पाणी पिऊन पुन्हां, तों १६८. रात्रीं दोन वाजतां जाग येई, हृदय घणासारखें आपटत असे, हातापायांस मुंग्या येत, आणि अण्णांच्या हातांतून पळी पडतांना दिसे. दोनदां मध्यरात्रीं मुलानें मला रुग्णालयांत नेलें. दोन्ही वेळीं हृदयाचा आलेख निर्दोष निघाला, आणि दोन्ही वेळीं मी घरच्यांची झोंप मोडल्याच्या लाजेनें परतलों.

शेवटीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांपुढें ती वही ठेवली. ते माझेच जुने विद्यार्थी. त्यांनीं पानें चाळलीं आणि म्हणाले, “सर, अक्षर अजून तसेंच सुरेख आहे. पण हीं मापें तुमच्या रक्तदाबाचीं नाहींत. तुमच्या भीतीचीं आहेत.”

मग त्यांनीं मला वर्गांतल्या मुलासारखें समजावून सांगितलें. भय उपजलें कीं शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीस लागतें. मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथी रक्तांत अॅड्रिनॅलिन नांवाचा रस सोडतात. हृदय जोरानें चालतें, रक्तवाहिन्या आंवळतात, दाब चढतो. भय ओसरलें कीं तो उतरतो. वाघ दिसला असतां ही उत्तम व्यवस्था आहे. परंतु यंत्रावरील आंकडाच वाघ झाला तर तो दिवसांतून तेरा वेळां दिसतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या डगल्याच्या दर्शनानेंच कित्येकांचा दाब चढतो, आणि घरीं तो ठीक असतो. हा प्रकार डॉक्टरांस पूर्ण परिचयाचा आहे. एकटी चिंता कायमचा रक्तदाब उत्पन्न करते, असें सरळ सांगतां येत नाहीं. पण चिंताग्रस्त माणूस झोंपत नाहीं, फिरावयास जात नाहीं, तंबाखू सोडूं शकत नाहीं, आणि औषधाच्या वेळा एक तर विसरतो किंवा भिऊन दोनदां घेतो. अशा मार्गांनीं ती रक्तदाबाच्या घरांत शिरते.

मोजण्याचा जो नियम त्यांनीं घालून दिला तो असा. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीस जाऊन यावें. पाठ टेंकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न टाकतां पांच मिनिटें स्वस्थ बसावें. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. सदऱ्याच्या बाहीवर नव्हे. हात मेजावर, हृदयाच्या पातळींत असावा. बोलूं नये. एका मिनिटाच्या अंतरानें दोनदां मोजावें. सकाळीं एकदां आणि संध्याकाळीं एकदां, असें सात दिवस करावें. पहिल्या दिवसाचे आंकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी डॉक्टरांस दाखवावी. एकेक आंकडा म्हणजे एकेक शब्द. अर्थ वाक्याला असतो. पुढें सारें ठीक चालूं लागलें कीं रोज मोजण्याचीहि गरज नसते.

मात्र एक अपवाद त्यांनीं बजावून सांगितला. दाब १८० वर १२० च्या पलीकडे असून छातींत दुखणें, धाप लागणें, चेहऱ्याची एक बाजू वांकडी होणें, हातपाय लुळा पडणें, बोबडी वळणें, दृष्टि अंधुक होणें यांपैकीं कांहीं दिसेल, तर क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठावें. तोंड वांकडें होणें किंवा बोबडी वळणें यांत तर आंकडा पाहण्यासहि थांबूं नये. लक्षणें कांहींच नसतील, तर शांत बसून पुन्हां मोजावें आणि तसाच राहिल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. गोळी फोडून जिभेखालीं धरून दाब एकदम उतरविण्याची एक रीत पूर्वीं होती. ती घातक ठरल्यामुळें सोडून देण्यांत आली आहे. शेजारीपाजारी अजून ती सुचवितात, ऐकूं नये.

सर्पगंधेची कथा

मन आणि रक्तदाब यांचें नातें दाखविणारी एक कथा आपल्याच देशांतली आहे. सर्पगंधा नांवाची वनस्पति आपल्या वैद्यकांत जुनी. बिहार-बंगालकडे तिचें मूळ उन्मादावर देत आणि बाजारांत तें वेडाचें औषध म्हणूनच विकलें जाई. १९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं लिहिलें कीं, तें मूळ उन्माद शमवितें तसेंच वाढलेला रक्तदाबहि उतरवितें. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं दिल्लींत त्यांतील कांहीं द्रव्यें वेगळीं काढलीं. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयविकारविषयक मासिकांत प्रसिद्ध केला, आणि जगाचें लक्ष या मुळाकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञांनीं त्यांतून रेसर्पिन हें द्रव्य शुद्ध रूपांत मिळविलें. १९५७ सालीं अमेरिकेंतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांस रक्तदाबावरील या कार्याबद्दल मिळाला. आणि त्याच वर्षीं, त्याच द्रव्याचा मनोविकारांवर उपयोग दाखविणारे डॉ. नेथन क्लाइन हेहि त्या पुरस्काराचे एक मानकरी होते. एकच मूळ, एकाच सालीं, दोन निराळ्या रोगांसाठीं गौरविलें गेलें.

कथा येथें संपती तर आपल्या अभिमानास पुरेशी होती; पण पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. रेसर्पिन मोठ्या मात्रेंत दिलें असतां कित्येक रोगी खिन्न होतात, असें डॉक्टरांस आढळूं लागलें. त्यांत औषधाचा दोष किती, याविषयीं पुढें मतभेद झाले. परंतु अधिक सोसणारीं औषधें येतांच तें मागें पडलें. लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकणाऱ्या थायझाइड गोळ्या १९५८ च्या सुमारास आल्या. हृदयाचा वेग आंवरणारें प्रोप्रॅनोलॉल १९६० नंतरच्या दशकांत जेम्स ब्लॅक यांनीं सिद्ध केलें. त्यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करतां करतां कॅप्टोप्रिल हें औषध निघालें आणि १९८१ सालीं वापरांत आलें. एका औषधाच्या नांवांत सर्प, दुसऱ्याच्या जन्मांत सर्प! यांतून मीं घेतलेला बोध एवढाच कीं, वनस्पतीपासून आलेलें म्हणून औषध निरुपद्रवी नसतें आणि कारखान्यांत झालें म्हणून तें विष नसतें. मात्रा, लक्ष आणि जाणता सल्ला या तीन गोष्टींनीं औषध औषध राहतें. बाजारांतून सर्पगंधेची पूड आणून आपल्याच मनानें घेणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

ज्येष्ठमधाचा काढा

याचा प्रत्यय मला घरींच आला. माझी पहिली गोळी कॅप्टोप्रिलच्या गोत्रांतली होती. महिन्याभरानें मला कोरडा खोकला लागला. आमच्या सौभाग्यवतींनीं प्रेमानें ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ पेला भरून. खोकला जाईना, आणि दाब पुन्हां चढूं लागला. मी घाबरून अधिक मोजूं लागलों. तीन आठवड्यांनीं उलगडा झाला तो असा : त्या गोत्रांतल्या गोळीनें कांहीं जणांस कोरडा खोकला होतोच, आणि ज्येष्ठमध पुष्कळ व बरेच दिवस घेतलें तर शरीरांत मीठ-पाणी सांचून दाब वाढतो. गोळीनें खोकला दिला आणि खोकल्याच्या औषधानें दाब दिला. डॉक्टरांनीं काढा थांबविला, गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. दोन्ही दुखणीं पंधरवड्यांत गेलीं. काढ्याविषयीं मीं डॉक्टरांस सांगितलें नव्हतें, कारण तें औषध आहे असें आम्हांस वाटलेंच नव्हतें!

म्हणून घरोघरीं कांहीं गोष्टी ठाऊक असाव्यात. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दाब वाढवितात आणि दाबाच्या औषधाचा गुण कमी करतात. चोंदलेलें नाक मोकळें करणाऱ्या कांहीं सर्दीच्या गोळ्यांचाहि तसाच उपद्रव आहे. अॅम्लोडिपिननें कांहींच्या घोट्यांवर सूज येते. तें हृदय बिघडल्याचें लक्षण समजून घाबरूं नये, पण डॉक्टरांस दाखवावें. दमा असणाऱ्यानें तें प्रोप्रॅनोलॉल देणाऱ्या डॉक्टरास अवश्य सांगावें, आणि त्या गोत्रांतली गोळी कधींहि एकाएकीं सोडूं नये. अंथरुणांतून उठतांना आधीं बसावें, मग उभें राहावें. मिठाचें प्रमाण दिवसाकांठीं पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे सपाट चमचाभराच्या आंत, असावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांत लोणचें, पापड, सांडगे, चिवडा, फरसाण हीं सारीं आलीं. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं किंवा माझ्यासारखी गोळी घेणाऱ्यांनीं विचारल्यावांचून वापरूं नये.

मनाचें औषध

आतां त्या दुसऱ्या डब्याकडे येतों. डॉक्टरांनीं वही मिटून मला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितलें, तेव्हां मी संतापलों. “मी वेडा आहें काय?” असें विचारलें. ते शांतपणें म्हणाले, “सर, तुमचा चष्मा पाहून कोणी तुम्हांला आंधळे म्हणतें काय?”

चिंता हा शब्द ज्या चिन्त् धातूपासून आला, त्याचा अर्थ धातुपाठांत स्मरण करणें असा दिला आहे. मीं तो मुलांस वर्षानुवर्षें शिकविला. चिंता म्हणजे स्मरणाचाच अतिरेक : नको तें, नको तेव्हां, नको तितक्या वेळां आठवणें. मला पळी आठवे. तज्ज्ञांनीं माझें सारें ऐकून घेतलें आणि दोन उपाय सांगितले. एक गोळीचा, दुसरा संवादाचा.

गोळी सर्ट्रालिन नांवाची होती. तिच्याविषयीं जें सांगितलें गेलें तें प्रत्येक रोग्यास आधींच कळलें पाहिजे. नाहीं तर तो ती आठव्या दिवशीं टाकून देतो. ही गोळी लगेच गुण देत नाहीं; दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या कांहीं दिवसांत मळमळ होते, क्वचित् अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते; ती बहुधा ओसरते. ती दारू-तंबाखूसारखें व्यसन लावीत नाहीं. परंतु एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून ती हळूहळू उतरवावी लागते. आणि वृद्धांच्या बाबतींत एक सावधगिरी : अशा गोळीनें रक्तांतील सोडियम कधीं कधीं उतरतें, त्यांत दाबासाठीं थायझाइडहि चालूं असेल तर हा धोका वाढतो. गळाठा आला, गोंधळल्यासारखें झालें, तर रक्त तपासून घ्यावें. म्हणूनच दाबाच्या डॉक्टरांपासून मनाची गोळी आणि मनाच्या डॉक्टरांपासून दाबाची गोळी लपवून ठेवणें हा वेडेपणा आहे.

झोंपेच्या व तात्काळ शांतता देणाऱ्या अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या अर्ध्या तासांत गुण देतात, म्हणूनच मोहांत पाडतात. थोडक्या दिवसांसाठीं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं त्यांचा उपयोग आहे. पण कांहीं आठवड्यांतच शरीरास त्यांची संवय जडूं शकते. म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, स्मरण मंदावतें. आणि बरेच दिवस घेऊन एकाएकीं सोडल्या तर झटके येण्यापर्यंत पाळी येते. शेजाऱ्याच्या पट्टींतली गोळी मागून घेण्याची जी चाल पडली आहे, ती या गोळ्यांपुरती तरी बंद व्हावी.

संवादाचा उपाय मला अधिक कठीण गेला. दर आठवड्यास एक तास माझ्या मुलीच्या वयाच्या एका बाईंसमोर बसून, भयाचा विचार कागदावर लिहावयाचा, त्याच्या बाजूचा पुरावा कोणता, विरुद्ध कोणता, तें मांडावयाचें. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष! न्यायशास्त्राचा विद्यार्थी जें ग्रंथावर करतो तें स्वतःच्या भीतीवर करावयाचें. “अण्णांस झालें म्हणून मला होणारच” हा माझा पूर्वपक्ष. “अण्णांनीं गोळी सोडली होती, मी घेत आहें” हें उत्तर. हें इतकें सोपें वाक्य मला स्वतः लिहावयास पांच बैठकी लागल्या. आणि लिहितांना मी रडलों, हेंहि सांगून टाकतों. अण्णांनीं गोळी सोडली तेव्हां मी समोर होतों आणि हंसलों होतों, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत मीं कोणापाशींहि बोललों नव्हतों.

डबा बाहेर आला

इतकें होऊनहि दुसरा डबा कौमुदीमागेंच होता. रात्रीं सारे निजल्यावर मी तो काढीत असें. दसऱ्यापूर्वीं सूनबाईंनीं पुस्तकें झटकण्यास काढलीं आणि तो त्यांच्या हातीं लागला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. संध्याकाळीं पाहतों तों दुसरा डबा फडताळांत पहिल्याच्या शेजारीं ठेवलेला, आणि त्यावर त्यांच्या अक्षरांत चिठ्ठी : “रात्रीं जेवणानंतर एक.” रात्रीं जेवणें झालीं तेव्हां नातवानें तांब्या-भांडें आणून ठेवलें आणि म्हणाला, “आजोबा, तुमची दुसरी गोळी.” पंगतींत कोणी वर पाहिलें नाहीं. आठ महिने मी ज्याला भीत होतों, तें एवढ्यांतच झालें.

त्यानंतर आमच्या घरीं ठरलेली व्यवस्था अशी. वाराच्या खणांची पेटी दर रविवारीं भरावयाची, म्हणजे गोळी घेतली कीं नाहीं हा वाद उरत नाहीं. दात घांसणें किंवा रात्रीचें जेवण अशा रोजच्या क्रियेशीं गोळी जोडून द्यावयाची. औषध संपण्यापूर्वीं आठवडाभर आणावयाचें. सर्व औषधांची, काढे-चूर्णें धरून, एक यादी पाकिटांत ठेवावयाची. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या वेळीं दोन घ्यावयाच्या नाहींत.

वडील मंडळींस एक शंका हटकून येते, ती उपासाची. एकादशीस गोळी कशी घ्यावी? धर्मशास्त्रकारांनीं व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी गणल्या आहेत, त्यांत पाणी, दूध, फळ यांच्या पंक्तीस औषधहि बसविलें आहे. तेव्हां गोळी चुकविण्यास शास्त्राचा आधार नाहीं. निर्जळी उपास मात्र दाबाच्या रोग्यानें, विशेषतः थायझाइड घेणाऱ्यानें, डॉक्टरांस विचारूनच करावा.

प्राणायाम, चालणें, जप यांविषयीं विचाराल, तर मी तिन्ही करतों. सावकाश श्वसनानें मन निवतें आणि रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्यानें दाब कांहीं अंशीं उतरतो. पण तीं गोळीचीं भावंडें आहेत, दत्तक वारस नव्हेत. एकास घरांत घेतांना दुसऱ्यास बाहेर काढूं नये.

माझा दाब सध्यां १३० च्या आसपास असतो. चिंतेची गोळी अर्ध्यावर आली आहे. पुढें सुटेल किंवा न सुटेल. भीति पार गेली आहे असें म्हणणार नाहीं. श्रावणी सोमवारीं पळी हातांत घेतांना अजून क्षणभर हात थबकतो. पण यंत्र कपाटांत असतें आणि वहीचीं कोरीं पानें नातवानें चित्रें काढावयास घेतलीं आहेत.

वाचकांस एवढीच विनंति कीं, आपापल्या घरांत एकदां डोळसपणें पाहावें. “बरें वाटतें” म्हणून गोळी सोडलेले कोणी अण्णा असतील, त्यांस हंसूं नये. हात धरून डॉक्टरांकडे न्यावें. पुस्तकांमागें, लुगड्यांच्या घडींत, गादीखालीं डबा लपविणारे कोणी असेल, तर त्यास न विचारतां डबा फडताळांत आणून ठेवावा. ज्यास घरांत बोलण्याचा धीर होत नाहीं, त्याच्यासाठीं केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें टेलिमानस ही सेवा सुरू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें. अण्णांच्या खणांतली ती पट्टी मीं टाकून दिलेली नाहीं. माझ्या पहिल्या डब्याच्या तळाशीं ती आहे. कधीं कंटाळा आला कीं ती दिसते, आणि मी माझी गोळी घेतों.